बर्फ पांढरा नसतो!

बर्फ मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या सत्तराव्या वर्षी. बर्फातल्या घरांची चित्रे मात्र त्यापूर्वी छत्तीस वर्षे शिकवीत आलो होतो! सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी ड्रॉइंगमास्तर होतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला पोरे बसवायची, स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवायचे आणि गणपतीत हेडमास्तरांच्या घरचे मखर करून द्यायचे, हा आमचा उद्योग. स्मरणचित्राच्या तासाला ‘हिवाळ्यातली सकाळ’ असा विषय दिला, की निम्मी पोरे शेकोटी काढीत आणि उरलेली निम्मी बर्फ काढीत. आता साताऱ्याच्या पोरांनी बर्फ पाहिला कुठे? तर कॅलेंडरावर, शुभेच्छापत्रांवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर. उतरते छप्पर, धुराडे, खिडकीत पिवळा दिवा आणि सगळीकडे बर्फ.

“सर, बर्फाला रंग कोणता द्यायचा?” असे एखादे पोर विचारी.

“काही देऊ नकोस. कागद कोरा सोड,” असे मी ऐटीत सांगे.

पोराचा रंगही वाचे आणि माझे श्रमही वाचत. छत्तीस वर्षांत किती पोरांना हे उत्तर दिले असेल, त्याचा हिशेब आज मांडला तर मला पेन्शन परत करावी लागेल.

समोरचे घर

थोरली मुलगी टोरांटोला असते. इंजिनिअर आहे. तिची आई गेल्यावर “नाना, एक हिवाळा तरी इकडे काढा” म्हणून ती पाठीस लागली, आणि २०१९ च्या जानेवारीत मी तिथे पोहोचलो. बॅगेत दोन जोड गरम कपडे, भाजणीचा डबा आणि रंगांच्या नळ्या. तैलरंगाचे एक बरे असते. जलरंग घेऊन त्या थंडीत बाहेर बसलात तर ब्रशातले पाणी कागदावरच गोठते, पण जवसाच्या तेलात घोटलेला रंग तसा गोठत नाही. नुसता घट्ट होतो, आणि म्हाताऱ्या माणसासारखा जरा हट्टी होतो.

अर्थात बाहेर बसायची वेळच आली नाही. पाऱ्याने उणे पंधरा गाठल्यावर जावईबापूंनी ईझल दिवाणखान्यातल्या खिडकीशी मांडून दिले. खिडकीतून समोरचे घर दिसे. लाल विटांचे, दुमजली, पुढे लाकडी व्हरांडा, वर टोकदार त्रिकोणी आढे. जुन्या टोरांटोत अशी घरे गल्लोगल्ली आहेत. त्या घरात एक वृद्ध बाई एकट्या राहत. संध्याकाळी पाचच्या सुमारास त्या खालच्या खिडकीतला दिवा लावीत. जानेवारीअखेर तिथे साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. त्यामुळे दिवा लागणे आणि उजेड जाणे यांची गाठ जेमतेम अर्धा तास पडे. तो अर्धा तास मी रंगवायचा ठरवला.

आधी म्हटले, त्या मुलखातल्या चित्रकारांनी काय केले ते पाहावे. रविवारी मुलीने गाडीतून क्लाइनबर्गला नेले. गावाबाहेर झाडीत, दगड आणि ओंडक्यांनी बांधलेले मॅकमायकल संग्रहालय आहे. टॉम थॉमसन नावाच्या चित्रकाराची लाकडी झोपडीही तिथे आणून ठेवली आहे. हा गडी जंगलात होडीतून भटके आणि जेमतेम साडेआठ इंच गुणिले साडेदहा इंचांच्या फळ्यांवर तैलरंगात चित्रे करी. १९१७ साली एका तळ्यात त्याचा अंत झाला. त्याच्या मित्रांनी १९२० साली ‘ग्रूप ऑफ सेव्हन’ नावाचे मंडळ काढले. त्यातला लॉरेन हॅरिस हा शेतीयंत्रे बनवणाऱ्या मॅसी-हॅरिस घराण्यातला. आपल्याकडे शेतकरी ज्या ट्रॅक्टरला ‘मॅसी’ म्हणतात, त्याच्या पूर्वजांपैकी हे एक घराणे. घरी पैशांना तोटा नव्हता, तरी या माणसाने टोरांटोच्या गरीब वस्त्यांतली पडकी घरे बर्फात रंगवली. त्याची चित्रे पाहताना माझ्या लक्षात आले, की बर्फ म्हणून जे दिसते त्यात पांढरा रंग फारच थोडा आहे. गुलाबी आहे, निळा आहे, जांभळा आहे, कुठे पिवळाही आहे.

हे तसे पुस्तकात वाचले होते. क्लोद मोने याने १८६८-६९ च्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या एत्रता गावाजवळ बर्फातले एक कुंपण रंगवले; मागे घर, फाटकावर बसलेला एक काळापांढरा पक्षी, आणि कुंपणाची सावली चक्क निळी! १८६९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते चित्र घेतले गेले नाही. आज ते ओर्से संग्रहालयाचे भूषण आहे. पण मी पडलो मास्तर. ‘पुस्तकात वाचले ते विसरा, डोळ्यांना दिसते ते रंगवा,’ हा माझा वर्गातला मंत्र. तेव्हा ठरवले, की कोणाचा निळा-जांभळा उसना घ्यायचा नाही.

मांडणी आणि पहिला हात

ज्यांना असले चित्र करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी मी काय केले ते क्रमाने सांगतो.

कॅनव्हास सोळा इंच गुणिले वीस इंच. त्यावर आधी बर्न्ट सिएनाचा पातळ हात फिरवून तो कोरडा होऊ दिला. थंड रंगाच्या चित्राखाली अशी उबदार जमीन असली, की वरच्या रंगाच्या फटींतून ती डोकावते आणि चित्र गारठून मरत नाही. मग बर्न्ट अंबरने पातळ रेखाटन. अंबर लवकर वाळतो, म्हणून खालच्या कामाला तो सोयीचा.

पॅलेटवर टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू, अॅलिझरिन क्रिमसन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अंबर, कॅडमियम यलो आणि ऑरेंज. काळा नाही. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळले की जिवंत काळा होतो. निळा वाढवला तर थंड, सिएना वाढवली तर उबदार.

डोळे किलकिले करून सगळ्यांत गडद काय ते पाहिले. ते होते वळचणीखालचा अंधार, व्हरांड्याच्या आतला भाग आणि झाडाचे खोड. ते आधी बसवले. लाल विटांचे घर संध्याकाळी लाल राहत नाही. ते राखट, वांग्याच्या सालीसारखे होते. तिथे ट्यूबमधला लाल लावला असता तर घर पुढे धावून आले असते. आकाश खाली किंचित उबदार, वर करडे. दूरची झाडे आकाश ओले असतानाच कोरड्या ब्रशने त्यात पुसून टाकली. चित्रात हवा भरायची ती इथेच. सगळ्या कडा सुरीने कापल्यासारख्या ठेवल्या तर घर पुठ्ठ्याचे दिसते. दोन-तीन ठिकाणी कड धारदार, बाकी ठिकाणी हरवलेली असावी.

तैलरंगाचा एक नियम पाळावाच लागतो. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि त्याला दिवस लागतात. वरचा थर आधी वाळला आणि खालचा मागाहून हलला, की चित्राला भेगा पडतात. आणखी एक धोक्याची गोष्ट. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेटही घेतात. मी त्या पाण्याच्या डब्यात टाकीत असे. दारे-खिडक्या बंद म्हणून टर्पेंटाइनही वापरले नाही. ब्रश तेलातच धुतले.

शेवटी बर्फ. छपरावरचा, अंगणातला, आणि रस्त्याकडेला यंत्राने ढकलून ठेवलेला मळकट. एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिलीने मापे घेतली, रंग पारखला, मिसळला आणि लावला. तीन संध्याकाळी हे चालले होते. तिसऱ्या दिवशी मागे सरून पाहिले. वाटले, मास्तर, जमले हो!

“नाना, बर्फ पिवळा का?”

मुलगी ऑफिसातून आली. बूट काढता काढता तिने चित्राकडे पाहिले आणि थबकली.

“नाना, घर फार छान आलंय. पण बर्फ असा का? चहा सांडल्यासारखा पिवळा दिसतोय.”

मला राग आला. “मला दिसतो तसा काढलाय,” मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. आत गेली, एक जाड कार्ड घेऊन आली, त्याला पंचने भोक पाडले आणि माझ्या हातात दिले. ही युक्ती मीच तिला शिकवली होती, ती सातवीत असताना. भोकातून एकच रंग दिसतो. आजूबाजूचे काही दिसत नाही, त्यामुळे ‘हा बर्फ आहे’ हे मन विसरते आणि रंग तेवढा उरतो.

“छपराच्या सावलीवर धरा. आधी उजव्या डोळ्यानं बघा, मग डाव्यानं.”

उजव्या डोळ्याने पाहिले. भोकात फिकट चहाचा रंग होता. डाव्याने पाहिले आणि हातातले कार्ड खाली आले. निळा! धुतल्या धोतराला नीळ जास्त झाल्यावर दिसतो तसा निळा, कडेला जांभळ्याची झाक.

उलगडा असा झाला. माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू आदल्या वर्षी काढला होता; उजव्याचे ‘परत आल्यावर करू’ असे डॉक्टर म्हणाले होते. मोतीबिंदूने डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि निळा-जांभळा उजेड आत येताना अडतो. मी मापे घेताना डावा डोळा मिटून उजव्याने पाही; ती पन्नास वर्षांची सवय. रंग मिसळताना मात्र दोन्ही डोळे उघडे, आणि तेव्हा चांगला डोळाच काम करी. एकाच डोळ्याने बर्फही पाहिला असता आणि रंगही, तर दोन्हीकडे सारखाच पिवळेपणा येऊन चूक फिटली असती. मी पाहिले एकाने आणि मिसळले दुसऱ्याने! मोनेलाही मोतीबिंदू झाला होता. १९१२ साली निदान झाले आणि १९२३ साली उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया. पण त्या माहितीने मला काही समाधान झाले नाही. जो डोळा मी आयुष्यभर पोरांना ‘माझ्यासारखा ठेवा’ म्हणून दाखवला, तो खोटे बोलत होता, आणि मला पत्ताही नव्हता.

मी म्हणालो, “आता हे मला जमणार नाही. तू मिसळ.”

पेटीतला अर्ज

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती न सांगता हा लेख लिहिणे म्हणजे पुन्हा कागद कोरा सोडणे होईल.

या मुलीचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. इंटरमीजिएटला तिला ‘ए’ श्रेणी होती. औंधच्या संग्रहालयात नेले, तर ती चित्रांपुढून हलायला तयार नसे. १९९४ साली बारावी झाल्यावर तिने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा अर्ज भरला आणि टपालात टाकायला माझ्याकडे दिला. मी तो टाकला नाही. ड्रॉइंगमास्तराच्या पगारात घर कसे चालते ते मला ठाऊक होते. वाण्याची उधारी मला ठाऊक होती. तिला सांगितले, की बोलावणे आले नाही. ती सांगलीला इंजिनिअरिंगला गेली. त्यानंतर तिच्या हातात ब्रश मी पाहिला नव्हता.

त्या रात्री जेवणे झाल्यावर ती पॅलेटपुढे उभी राहिली. आधी सुरीने माझा सगळा पिवळा बर्फ खरवडून काढला. रंग अजून ओला होता, सहज निघाला. मग कोबाल्टमध्ये पांढरा, त्यात क्रिमसनचा अगदी टिंब, आणि हे फार गोड होते म्हणून ऑकरचा किंचित हात. पंचवीस वर्षांनी मिसळत होती, पण सुरी कशी धरायची ते हात विसरला नव्हता.

“सावलीत सूर्य पोचत नाही,” ती म्हणाली, “तिथं उजेड देतं ते फक्त आभाळ. बर्फ आरशासारखा तोच रंग परत देतो. छपराचा उतार आभाळाकडे तोंड करून आहे, म्हणून तो जास्त निळा. अंगण सपाट आहे, तिथं दिव्याचा उजेड येतो, तिथं नारिंगी घालू.”

इंजिनिअर बोलत होती, का चित्रकार, ते मला कळेना. मी खुर्चीत बसून होतो. अखेर न राहवून म्हणालो, “बाळ, तुझा तो जे. जे.चा अर्ज...”

“माहीत आहे,” ती सुरी न थांबवता म्हणाली. “तुमच्या पेटीत पाहिला होता. दुसऱ्या वर्षाला असताना, दिवाळीला आले होते तेव्हा.”

“मग बोलली नाहीस?”

“खूप राग आला होता, नाना. बरीच वर्षं होता. तुम्ही विचारून नाही म्हणाला असतात तर भांडले तरी असते.” थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “आईला माहीत होतं का?”

“नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि कॅनव्हासकडे वळली. “सावलीत जांभळा अजून थोडा वाढवू का? तुम्ही डाव्या डोळ्यानं बघून सांगा.”

मी उजवा डोळा मिटला आणि पाहिले. “वाढव,” म्हणालो.

दिवा

त्यानंतर आठवडाभर रोज पाच वाजता आम्ही दोघे खिडकीशी असू. ती ऑफिसातून लवकर निघे. छपरावरचा बर्फ एकाच दिशेने, जाड आणि मऊ. खोडावरचा फक्त वाऱ्याच्या बाजूला. यंत्राने ढकललेल्या ढिगात माती आणि मीठ, तिथे अंबर. पडणारा बर्फ दाखवायचा म्हणून चित्रभर ठिपके मारायचे नाहीत. लांबचा बर्फ म्हणजे नुसते धुके, जवळचे चारदोन मोठे कण पुरे.

सर्वांत शेवटी खिडकीतला दिवा. कॅलेंडरावरची चित्रे इथेच फसतात. खिडकीत पांढरे-पिवळे भगभगीत थापले, की दिव्याऐवजी चिकटवलेला कागद दिसतो. दिव्याचा उजेड दिव्याच्या रंगात नसतो, तो भोवतालच्या अंधारात असतो. भोवतालची भिंत आम्ही आणखी एक पायरी गडद केली, आणि मग कॅडमियम यलोत थोडा ऑरेंज घेऊन पोराच्या नखाएवढा एक फटकारा. खाली बर्फावर त्याचाच मंद, गुलाबीकडे झुकलेला पट्टा. निळ्याच्या शेजारी तो असा पेटला, की शाळेतून आलेला नातू म्हणाला, “आजोबा, यात बल्ब बसवलाय का?”

सही करायची वेळ आली. मी ब्रश तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, “चित्र तुमचं आहे. मी फक्त बर्फ मिसळला.” मी आग्रह केला नाही. एकदा तिच्या वतीने ठरवून झाले होते.

वळचणीखाली एक बोटभर पट्टी खरवडायची राहिली होती. माझा जुना पिवळा बर्फ. मी तो झाकायला निघालो, तर तिने हात धरला. “तेवढा राहू दे, नाना.” चित्र तिच्याच घरी ठेवले. तैलचित्राला वॉर्निश लावायचे ते सहा महिन्यांनी, आतला रंग पुरता वाळल्यावर. ते काम तिच्याकडे सोपवून मी परतलो. उजव्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया झाली. आता दोन्ही डोळ्यांना आभाळ सारखेच निळे दिसते. वॉर्निश लावल्याचे तिने ऑगस्टात फोनवर कळवले आणि जाता जाता विचारले, “कोबाल्टची मोठी नळी घेऊ, का लहान पुरेल?”

“मोठी घे,” मी म्हणालो.

वाचकांपैकी कोणी थंडीत महाबळेश्वरला गेलाच आणि वेण्णा तलावाच्या बाजूला पहाटे गवतावर गोठलेले दव दिसले, तर खिशात भोक पाडलेले एक पोस्टकार्ड असू द्या. सावलीतल्या दवावर धरा. एका डोळ्याने पाहा, मग दुसऱ्याने. आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचीत असेल तर त्याला सांगणे, की बाबा रे, मास्तरांचे चुकले. कागद कोरा सोडू नकोस.